भुकेचे गणित आणि धानाची बांधी

भंडारा जिल्ह्याचे नाव राज्यातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते ते बहुधा दुर्घटनेच्या निमित्ताने. ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली; २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. या दोन घटनांच्या मधल्या काळात, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्यांत भंडाऱ्याचाही समावेश होता. अशा महाविद्यालयांची चर्चा सुरू झाली की ती इमारत, खाटा, शल्यविशारद आणि प्राध्यापकांची रिक्त पदे यांभोवती फिरते. सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाच्या एखाद्या कोपऱ्यातील टेबलाशी बसणारा जैवसंख्याशास्त्राचा अध्यापक मात्र या चर्चेत सहसा येत नाही. त्याचे पद भरले काय किंवा न भरले काय, त्याबद्दल मोर्चा निघण्याची शक्यता नाही.

हा माणूस करतो काय? पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतील कोष्टके तपासणारा गृहस्थ अशीच त्याची ओळख अनेक ठिकाणी होऊन बसली आहे. प्रत्यक्षात पूर्व विदर्भासारख्या भागात त्याच्यापुढे येणारे प्रश्न जीवनमरणाचे असतात. सिकलसेलचेच उदाहरण घ्यावे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने या आजाराच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. समजा, १० हजार जणांची प्राथमिक चाचणी झाली, त्यांपैकी एक हजार जण खरोखरच वाहक आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. मग ९५० वाहक सापडतील. पण वाहक नसलेल्या ९ हजारांपैकी ४५० जणांवरही चुकून तोच शिक्का बसेल. म्हणजे 'दोष आढळला' असे सांगितलेल्या दर तिघांतील जवळजवळ एक जण निर्दोष असेल. दुसऱ्या, नेमक्या चाचणीवाचून हा निकाल घरी पोचला तर त्याचा पहिला परिणाम दवाखान्यात दिसत नाही, तो मुलीच्या सोयरिकीवर दिसतो. ९५ टक्के अचूकता आणि तरीही तिघांत एक चूक, हे कोडे उलगडून सांगणे हे संख्याशास्त्रज्ञाचे काम.

तरीही या विषयातील विद्यापीठीय कारकीर्द आपल्याकडे आकर्षक मानली जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयात तो डॉक्टर नसतो आणि संख्याशास्त्राच्या विभागात शुद्ध गणिती नसतो. बुद्धिमान विद्यार्थी एम.एस्सी. झाला की औषध कंपन्यांच्या चाचण्या, बँका किंवा परदेश यांची वाट धरतो. राज्यात या विषयाची परंपरा नाही असे मात्र नाही. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये वसंत शंकर हुजूरबाजार यांनी संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि त्याची कीर्ती देशाबाहेर गेली. आणि आज जगातील भुकेची अधिकृत मोजदाद ज्या पद्धतीने होते, तिच्या मुळाशी एका मराठी माणसाचेच काम आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव आजच्या वाचकाला फारसे परिचित नसेल. पण भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याने आपल्या नव्या महाविद्यालयाकडून काय मागावे, हे ठरवताना त्यांची कारकीर्द नजरेखालून घालणे उपयोगाचे आहे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवी मिळवल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तो काळ या शास्त्राच्या दृष्टीने मंतरलेला होता. एगॉन पीअर्सन, येर्झी नेमन आणि रोनाल्ड फिशर ही मंडळी एकाच परिसरात वावरत होती आणि त्यांच्यातील वादांतून आधुनिक संख्याशास्त्र आकार घेत होते. संपूर्ण लोकसंख्या न मोजता तिच्यातील थोड्याच घटकांवरून अनुमान कसे काढावे आणि त्या अनुमानात किती चूक संभवते हेही कसे सांगावे, याचा पाया नेमन यांनी १९३४ मध्ये घातला. पुढच्याच वर्षी सुखात्मे यांचा त्याच विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांना मिळाल्या. सैद्धांतिक गणितात रमून राहण्याची पूर्ण मुभा असलेला हा तरुण १९४० मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाला आणि थेट शेताच्या बांधावर जाऊन पोचला.

त्या काळी देशात किती धान्य पिकते याचा अंदाज गावकामगार डोळ्यांनी घेत असे. पीक रुपयात किती आणे आले, हे तो ठरवी. आणेवारी हा शब्द तिथलाच. आज तिला पैसेवारी म्हणतात, एवढाच फरक. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने या नजरअंदाजाची किंमत दाखवून दिली. शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने निवडायची, शेतातील चौकोनही तसाच निवडायचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करायचे, ही पीक कापणी प्रयोगांची पद्धत सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच काळात प्रांतोप्रांती रुजवली.

याच टप्प्यावर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा गाजलेला मतभेद झाला. महालनोबिस यांचा कल अनेक ठिकाणी लहान लहान तुकडे कापण्याकडे होता. श्रम वाचतात, जास्त शेते पाहून होतात, हा त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून दाखवून दिले की तुकडा जितका लहान तितके उत्पादन फुगवून दिसते. कारण अगदी घरगुती आहे. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात परिघाभोवतीची पाच सेंटिमीटरची पट्टी चुकून आत आली तर क्षेत्र दहा टक्क्यांनी वाढते. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद अशा आयतात तीच चूक झाली तर वाढ तीन टक्क्यांची असते. चूक तीच, पण एका ठिकाणी ती तिपटीहून अधिक महाग पडते.

हा ऐंशी वर्षांपूर्वीचा वाद आज उकरून काढण्याचे प्रयोजन भंडाऱ्यातच आहे. हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वैनगंगा आणि चुलबंदच्या खोऱ्यांत, तुमसरपासून लाखांदूरपर्यंत, खरिपाचे भवितव्य धानाच्या बांधीत ठरते. राज्यातील एक रुपयातील पीक विमा योजना २०२५ मध्ये गुंडाळण्यात आली. शेतकऱ्याचा हप्ता पूर्ववत झाला आणि भरपाईसाठी पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नाचा आधार मध्यवर्ती ठरला. धानाच्या बाबतीत उपग्रहाच्या मदतीने काढलेल्या अंदाजालाही काही वजन दिले जाते. पण तो अंदाजही जमिनीवरच्या कापणीशीच ताडून घ्यावा लागतो. म्हणजे एका महसूल मंडळातील मोजक्या बांध्यांत झालेली कापणी हजारो खातेदारांच्या पदरात काय पडायचे ते ठरवते.

आता हिशेब करून पाहावा. उंबरठा उत्पन्न हेक्टरी २० क्विंटल आहे आणि प्रत्यक्षात १७ क्विंटल धान झाले, तर घट १५ टक्क्यांची आणि भरपाईही विमा संरक्षित रकमेच्या १५ टक्के. कापणीत दहा टक्क्यांचा फुगवटा शिरला की १७ चे १८.७ होतात आणि भरपाई साडेसहा टक्क्यांवर येते. कोणी लबाडी केली नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत; दोरी जरा सैल धरली गेली आणि निम्म्याहून अधिक भरपाई गेली. उंबरठा उत्पन्नही मागील वर्षांच्या तशाच प्रयोगांतून आलेले असेल तर चुका एकमेकींना खाऊन टाकतात, हे खरे. पण दरवर्षीची चूक सारखी नसते. पाऊस लांबला, कर्मचारी निवडणुकीच्या कामात अडकले, बाजूला विमा कंपनीचा प्रतिनिधी उभा आहे आणि शेतकरी आपल्या बांधीकडे डोळे लावून बसला आहे, अशा स्थितीत चूक कोणत्या दिशेला झुकेल हे सांगता येत नाही. ती मोजता मात्र येते. सुखात्मे यांनी नेमके तेच केले होते: मोजणाऱ्यांचीच मोजणी.

१९५१ मध्ये ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि सुमारे दोन दशके तेथील संख्याशास्त्राचे काम त्यांच्याकडे राहिले. त्या वेळी भुकेविषयीचे आकडे घोषणांसारखे फेकले जात. संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी जगातील किमान दोन-तृतीयांश माणसे अर्धपोटी असल्याचे म्हटले होते. उलट बाजूचे अर्थतज्ज्ञ ही अतिशयोक्ती असल्याचे सांगत. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात या वादाला शिस्त लावली. देशात दरडोई किती उष्मांक उपलब्ध आहेत, ते कुटुंबाकुटुंबांत किती विषम वाटले जातात आणि माणसाची गरज स्वतः किती बदलती असते, या तिन्ही गोष्टी एकत्र धरून पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण त्यांनी काढले. ते लोकसंख्येच्या १० ते १५ टक्के भरले. निकृष्ट आहारामुळे कुपोषित असलेल्यांना धरले तर आकडा कितीतरी मोठा होता. परंतु उपासमार आणि कुपोषण या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले गेले. १९६३ मध्ये सोसायटीने त्यांना गाय पदक दिले, १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले.

प्रथिनांचा वाद त्यानंतरचा. १९६० च्या दशकाअखेरीस जगावर प्रथिनांचे संकट कोसळणार, असे संयुक्त राष्ट्रांचे अहवाल बजावत होते आणि माशांच्या भुकटीपासून कृत्रिम पूरक आहारापर्यंत अनेक योजना पुढे येत होत्या. भारतीय आहाराच्या पाहण्या तपासून सुखात्मे यांनी सांगितले की ज्याला प्रथिने कमी पडतात तो बहुधा एकूण अन्नच कमी खातो. डाळभात पोटभर मिळाला तर प्रथिनांची तूट बव्हंशी भरून निघते. पुढे १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मधील एका गाजलेल्या लेखाने या तथाकथित प्रथिन संकटाची खिल्लीच उडवली. पूर्व विदर्भाला या चर्चेचा एक स्थानिक पदरही आहे. लाखोळी डाळीवर १९६१ मध्ये विक्रीबंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. किती डाळ, किती दिवस, कोणत्या आहारासोबत खाल्ली असता पायांचा लुळेपणा येतो, हा प्रश्न मुळात मात्रा आणि परिणाम यांच्या मोजमापाचा. तो बराच काळ मतमतांतरांवर लढवला गेला.

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात परतले आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त पर्व सुरू झाले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांकांच्या निकषावर दारिद्र्यरेषा मांडली होती. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील जवळपास निम्मे लोक तिच्याखाली येत. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की दिवसाला सरासरी इतके उष्मांक हवेत म्हणजे प्रत्येकाला रोज तितके हवेतच असे नाही. एकाच माणसाचे शरीर काही दिवस कमी अन्नावर तेच काम भागवते, स्वतःचे नियमन करते. म्हणून सरासरीला रेषा न मानता तिच्या बरीच खाली रेषा ओढावी. असे केले की भुकेलेल्यांची संख्या एकदम घटते. अमेरिकी शास्त्रज्ञ शेल्डन मार्गन यांच्यासह त्यांनी हा सिद्धांत मांडला. दांडेकरांनी १९८१ मध्ये त्यावर कठोर टीका केली, पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही 'लहानखुरे पण निरोगी' या त्याच सुमारास पुढे आलेल्या कल्पनेचा खरपूस समाचार घेतला. वाढ खुंटलेल्या मुलाला 'जुळवून घेतलेले मूल' म्हणणे हे शास्त्र नव्हे, असा त्यांचा रोख होता.

आज मागे वळून पाहताना सुखात्मे यांच्या बाजूने इतके म्हणता येते, की सरासरीला गरज समजण्याची चूक त्यांनी नेमकी पकडली होती. पण शरीर आपला खर्च कमी करते तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाला त्यांच्या सिद्धांताकडे पुरेसे उत्तर नव्हते. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणारी बाई कमी खाऊन तेवढेच काम करते, की घरी आल्यावर हालचालच कमी करते आणि तान्ह्या मुलाकडे पाहण्याचे त्राण तिच्यात उरत नाही, हे उष्मांकांच्या कोष्टकात दिसत नाही. त्यांची आकडेमोड पक्की होती. तिच्यावरून काढलेल्या धोरणात्मक निष्कर्षाची उडी लांब होती. मोठ्या संख्याशास्त्रज्ञांच्या हातूनही असे घडते. त्यांना उत्तर देण्यासाठी तितक्याच तयारीचे दांडेकर त्याच शहरात होते, हे मात्र महाराष्ट्राचे भाग्य.

हा वाद पुस्तकांत बंद झालेला नाही. जागतिक भूक निर्देशांकात भारत २०२३ मध्ये १२५ देशांत १११ वा, २०२४ मध्ये १२७ देशांत १०५ वा आणि २०२५ मध्ये १२३ देशांत १०२ वा होता. दरवर्षी केंद्र सरकार तो नाकारते, दरवर्षी विरोधक तो नाचवतात. या निर्देशांकाचा एक घटक म्हणजे पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण, आणि ते काढण्याची पद्धत सुखात्मे यांच्याच मांडणीतून आलेली आहे. सरकारचा एक आक्षेप असा, की तीन हजार लोकांच्या मतचाचणीवरून १४० कोटींच्या देशाची भूक कशी ठरवता? संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही या आक्षेपावर चमकेल. तीन हजार माणसे खरोखर योगायोगाने निवडलेली असतील तर चुकीची मर्यादा दोन टक्क्यांच्या आत राहते, मग देश १४ कोटींचा असो वा १४० कोटींचा. खिचडी किती शिजली हे पाहायला भांड्याच्या आकाराप्रमाणे मोठा डाव लागत नाही. नीट ढवळून घेतलेले असावे लागते. ती माणसे कशी निवडली आणि त्यांना काय विचारले, हा आक्षेप मात्र रास्त ठरू शकतो. दुसरीकडे, घरखर्चाच्या पाहणीचे २०१७-१८ चे निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. आकडे नसले की अंदाज त्यांची जागा घेतात. २०२२-२३ ची पाहणी उपलब्ध झाल्यानंतर, २०२५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात भारतातील हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर आले. २०२३ च्या निर्देशांकात ते १६.६ टक्के होते. स्वतःची मोजदाद उघड केल्याचा लाभ इतका रोकडा असतो.

बालकांच्या बाबतीत तफावत आणखी बोलकी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १९.३ टक्के आणि महाराष्ट्रातील २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश आढळली. अंगणवाड्यांतून भरल्या जाणाऱ्या पोषण ट्रॅकरच्या आधारे हे प्रमाण देशात ७.२ टक्क्यांहून कमी असल्याचे केंद्राने २०२३ मध्ये सांगितले. एकाच देशातील मुले, दोन उत्तरे. अंगणवाडी सेविका कोट्यवधी मुलांची वजने नोंदवते. पण ज्या मुलांच्या प्रकृतीचा जाब तिला विचारला जाणार त्यांचेच वजन ती करते, आणि सर्वांत अशक्त मूल त्या दिवशी आईबरोबर बाहेरगावी कामावर गेलेले असू शकते. पाहणीतील मोजणी अधिक काटेकोर, पण तिलाही मर्यादा आहेत. देशातील ७०७ जिल्ह्यांत ६ लाख ३६ हजार ६९९ कुटुंबांपर्यंत ती पोचली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० कुटुंबे. त्यांत पाच वर्षांखालील समजा अडीचशे मुले सापडली आणि त्यांतील ३० टक्के खुजी निघाली, तर खरा आकडा २४ पासून ३६ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. दोन फेऱ्यांच्या दरम्यान प्रमाण ३० वरून २५ वर आले म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा सत्कार होतो, किंवा ३५ वर गेले म्हणून कानउघाडणी होते, तेव्हा बहुधा काहीच बदललेले नसण्याची शक्यता कोणी लक्षात घेत नाही. हे त्या बैठकीत सांगणारा माणूस जिल्ह्यातच असायला हवा.

तो कसा उपयोगी पडतो, याचे प्रमाण शेजारच्या गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरच्या देखभालीचा प्रयोग ३९ गावांत केला, तेव्हा तुलनेसाठी ४७ गावे वेगळी ठेवली आणि दोन्हीकडचा प्रत्येक जन्म व मृत्यू नोंदवला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे हीच पद्धत देशाच्या आरोग्य धोरणात आली. औषधे आणि गावातल्या आरोग्यदूत या बायांचे कष्ट तर होतेच. पण ती ४७ गावे नसती तर हा प्रयोग एका सेवाभावी संस्थेची हृद्य कथा म्हणून वाहवा मिळवून विसरला गेला असता.

भंडाऱ्याच्या महाविद्यालयाला अशी सुरुवात करायला निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमानुसार प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याने गावातील तीन ते पाच कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. शंभर विद्यार्थ्यांची एक तुकडी म्हणजे तीनशे ते पाचशे कुटुंबे. तीन तुकड्या झाल्या की राष्ट्रीय पाहणी जिल्ह्यात जितक्या घरांत जाते तितकी किंवा त्याहून अधिक घरे सतत नजरेखाली राहतील. त्या मुलांची वजने, त्या घरांतील सिकलसेलच्या चाचण्या, रोवणीच्या महिन्यातील आणि धान घरात आल्यानंतरच्या महिन्यातील आहार, हे सारे तिथे नोंदवता येईल. त्या नोंदींवरून साकोली किंवा पवनी तालुक्याविषयी काही बोलता येईल की नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरते: दत्तक गावे जिल्ह्याच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडली, की महाविद्यालयाची बस जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत येईल एवढ्या अंतरावरची.